१७ मिलिमीटर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आईच्या डाव्या हातावर टीबी बघायची माँटू टोचली आणि सोमवारी ती वाचायला आम्ही परत गेलो. वाचायला हा तिथल्या सिस्टरचा शब्द. त्यांनी आईची बाही कोपरापर्यंत वर सारली, हात टेबलावर उताणा ठेवला, खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि त्या लालसर गाठीच्या बरंच लांबून कातडीवरून हळूहळू गाठीकडे ओढत आणलं. जिथे पेनाचं टोक अडलं तिथे थांबल्या, मग पलीकडच्या बाजूने पुन्हा तसंच. दोन निळ्या खुणा, आणि त्यांच्यामध्ये आईच्या ७४ वर्षांच्या पातळ कातडीवर बोराच्या आठळीसारखं काहीतरी टणक. कंपासपेटीत असते तसली पारदर्शक पट्टी लावली आणि म्हणाल्या, १७. मी म्हटलं, लाल तर याहून बरंच पसरलंय. तर म्हणाल्या, लाल नाही मोजायचं ताई, घट्ट किती झालंय ते मोजायचं. आईने विचारलं, "म्हणजे मला टीबी आहे का?" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो काकू. तुमच्या शरीराला त्याची ओळख आहे, एवढंच कळतं यातून. बाकी डॉक्टर सांगतील."

रिक्षात आई गप्प होती. कर्वे रोडला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा बाही खाली ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णांचं असणार ते."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन ३१ वर्षं झाली.

त्या एका वाक्याने मला पुढचे कित्येक दिवस झोप नीट लागली नाही. भीती वाटत होती असं नाही, डॉक्टरांनी नंतर सगळं नीट समजावून सांगितलं, पण ते वाक्य मनात कुठेतरी अडकून बसलं. आपल्या आईच्या अंगात तिच्या वडिलांचं काहीतरी आहे, नाक डोळे रंग असलं नाही, त्यांचा आजार, किंवा त्या आजाराची आठवण, आणि कुणीतरी आतमध्ये बसून इतकी वर्षं ती सांभाळतंय, आणि आता आम्ही एक इंजेक्शन देऊन त्या सांभाळणाऱ्यांचे हात सोडवणार आहोत. हे असं सगळं रात्री अडीच वाजता डोक्यात फिरत राहायचं.

आईला आमवात आहे. सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर एका डॉक्टरांनी वयानुसार होतं असं म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर ठेवलं होतं, त्याचा राग मला अजून येतो, कारण त्याच वर्षात तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलायला लागली. मग दुसरीकडे रक्त तपासलं, नाव कळलं, मेथोट्रेक्सेट सुरू झालं, दर मंगळवारी, आणि फॉलिक अ‍ॅसिड. काही महिने बरं गेलं, पण पुढे पुढे सकाळी दोन-दोन तास मुठी उघडेनात. मी उठून स्वयंपाकघरात येते तर ती ओट्यापाशी स्टुलावर बसलेली असते, कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून. चहाचा कप कानाला धरून उचलता येत नाही म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये धरते, लहान मूल दूध पितं तसा. नळ मनगटाने ढकलून उघडते. आणि लिहिणं बंद झालं. हे बाकीच्यांना बारीक वाटेल पण आमच्या घरात ते फार मोठं आहे, कारण आईला प्रत्येक पाकिटावर लिहायची सवय. लाइटबिलं, घराची कागदपत्रं, माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकं, दुधी भोपळ्याच्या बिया, सगळं पाकिटात, आणि पाकिटावर उजव्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरात, ‘जपून ठेवणे’. गेल्या दोन वर्षांत आलेल्या एकाही पाकिटावर ते नाही.

तर डॉक्टर म्हणाले आता टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देऊ, पंधरा दिवसांनी एक, फरक पडायला हवा, पण आपल्या देशात टीबी बघितल्याशिवाय हे सुरू करता येत नाही. छातीचा एक्स-रे, माँटू आणि एक रक्ताची टेस्ट.

मी बीएस्सी मायक्रो केलंय, सांगलीत, १९९४ ला. नंतर बँकेत लागले आणि ते सगळं मागे पडलं. पण टीएनएफ म्हटल्यावर काहीतरी हललं आत. माळ्यावरून जुनी वही काढली, तिच्यावर अर्थातच आईच्या अक्षरात ‘जपून ठेवणे’. आत इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या नोट्स, आणि पानभर पेशींची नावं आणि बाणच बाण. मॅक्रोफाज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीकडून टी सेलकडे बाण, टी सेलकडून बी सेलकडे बाण, परत उलटा बाण. तेव्हा मी ते पाठ केलं होतं, रेल्वेचं टाइमटेबल पाठ करावं तसं, कुठून सुटते कुठे पोचते. हे बाण म्हणजे हाका आहेत हे तेव्हा कळलं नव्हतं. कुणीतरी कुणालातरी बोलावतंय, थांब म्हणतंय, हे खाऊन बघितलंस का विचारतंय. पेशीला तोंड नाही, ती एक प्रोटीन सोडते, ज्याच्या अंगावर ते धरायची जागा आहे त्याला ते ऐकू जातं. टीएनएफ ही त्यातली एक हाक. या रे सगळे इकडे, आणि आलात की जाऊ नका.

आमवातात ही हाक थांबतच नाही. गुडघ्यात, बोटांच्या पेरात, सांध्याच्या आतलं जे मऊ अस्तर असतं त्यात मॅक्रोफाज बसून टीएनएफ सोडत राहतात, त्याने आणखी पेशी येतात, त्या आयएल-१ आणि आयएल-६ या आणखी हाका सोडतात, अस्तर जाड होत होत कूर्चेवर चढतं. आणि हाड कुरतडणाऱ्या ज्या पेशी आहेत, ऑस्टिओक्लास्ट, त्या मॅक्रोफाजच्याच घराण्यातल्या. एरवी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देणं हे त्यांचं रोजचं काम. इथे त्यांना काम थांबवायलाच कुणी सांगत नाही. हे वाचलं त्या रात्री मी आईच्या खोलीत जाऊन तिचे हात बघितले, झोपेत उशीवर ठेवलेले, आणि मला कुणाचाही राग येईना. तिचं तिलाच खातंय असं सगळे म्हणतात, पण ते काही वैरी नाहीत, ते बोलावल्यावर आलेले आहेत.

१९८० च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या दोघांनी आमवाताच्या पेशंटच्या सांध्यातलं अस्तर काढून ते बशीत जिवंत ठेवून बघितलं. मैनी मूळचे लुधियानाचे. त्या अस्तरात इतके संदेश एकावेळी चालू होते की त्यातला एक बंद करून काही होईल असं बहुतेकांना वाटत नव्हतं, दहा माणसं ओरडत असताना एकाच्या तोंडावर हात ठेवून काय होणार. यांनी टीएनएफ अडवला, आणि १९८९ मध्ये दाखवलं की तो अडवला की आयएल-१ पण खाली येतो. म्हणजे ती नुसतीच दहातली एक हाक नव्हती, बाकीचे तिच्यामागून ओरडत होते. १९९२ मध्ये तिथल्या चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटना ते औषध दिलं. त्यातल्या लोकांना काही दिवसांतच फरक जाणवायला लागला असं वाचलं आणि मला आईच्या पातेल्यातल्या कोमट पाण्याची आठवण आली.

पण मग २००१ चा तो पेपर. हे औषध घेतलेल्यांमध्ये टीबी झालेले ७० पेशंट, अमेरिकेतल्या नोंदींमधून शोधलेले. बऱ्याच जणांना औषध सुरू केल्यापासून तीन महिन्यांच्या आतच. आणि अर्ध्याहून जास्त लोकांचा टीबी फुप्फुसाच्या बाहेर पसरलेला, जे एरवी इतकं होत नाही. नवीन लागण झाली असं त्यात दिसत नव्हतं. जुनंच काहीतरी सुटलं होतं.

आमच्या प्रॅक्टिकलला टीबीच्या गाठीची एक स्लाइड असायची, गुलाबी जांभळी. सर सांगायचे आधी लँगहान्स जायंट सेल शोधा, मग बाकीचं. एक भलीमोठी पेशी, अनेक मॅक्रोफाज एकमेकांत विरघळून झालेली, आणि तिच्यातली सगळी केंद्रकं कडेला घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. ती दिसली की मार्क मिळायचे. त्या नालेच्या बाहेर काय चाललंय हे मी कधी बघितलंच नाही. आता बघते. मधोमध ते जंतू, त्यांना गिळलेले मॅक्रोफाज. पण गिळलं म्हणजे संपलं असं होत नाही, टीबीचा जंतू मोठा चिवट, ज्या पिशवीत त्याला कोंडलं तिच्यात पाचक रस येऊच देत नाही, आतच राहतो. मॅक्रोफाज एकटा काही करू शकत नाही. दुसरीकडे डेंड्रायटिक पेशी जंतूचा एक तुकडा अंगावर मिरवत जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे एकेका टी सेलला दाखवतात, तुझ्या ओळखीचं आहे का बघ. लाखात एखादीला ते जुळतं. ती वाढते, तिच्यासारख्या हजारो होतात, रक्तातून फुप्फुसात येतात. या सगळ्याला आठवडे लागतात. आल्यावर त्या मॅक्रोफाजला इंटरफेरॉन गामा देतात, आणि तेव्हा कुठे मॅक्रोफाजला पचवायचं बळ येतं. मॅक्रोफाज उलट आयएल-१२ देऊन टी सेलला टिकवून धरतो. आणि टीएनएफ या सगळ्यांना एका जागी धरून ठेवतो, भिंतीतल्या चुन्यासारखा.

तो चुना काढला की भिंत ढासळते. आईच्या बोटांमधून जो काढायचा तोच फुप्फुसातूनही निघणार, इंजेक्शनला पत्ता कळत नाही.

अण्णा कुरुंदवाडला शाळेत होते, गणित शिकवायचे. १९५८ मध्ये त्यांना रक्त पडायला लागलं. आई तेव्हा सात वर्षांची. आठ महिने मिरजेला सॅनेटोरियममध्ये होते, मग घरी. घरी आल्यावर माजघराच्या पलीकडची खोली त्यांची. ताट, वाटी, पेला वेगळा, पेल्याला निळी कड, तो बाकीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून आजी राखेने वेगळा घासायची आणि तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर पालथा घालायची. कॉटखाली राख घातलेलं थुंकीचं भांडं. आई सांगते की तिला उंबऱ्याच्या आत जायची परवानगी नव्हती, पण दुपारी आजी निजली की ती उंबऱ्यावर बसून पाढे म्हणायची आणि अण्णा आतून चुका सांगायचे. पुढे पुढे त्यांना चुका कळेनाशा झाल्या. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचे कान गेले होते, पण ते कुणालाच लवकर समजलं नाही, आईला वाटलं आपले पाढे आता बिनचूक यायला लागले. नंतर जेव्हा लक्षात आलं तेव्हा ती उंबरा ओलांडून आत जाऊन त्यांच्या उशाशी बसायला लागली, मोठ्याने म्हणायला लागली, आणि मग आजीनेही काही म्हटलं नाही.

म्हणजे तिथेच कधीतरी. एखाद्या दुपारी, एकोणतीसच्या पाढ्याला.

आईच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका आहे. डॉक्टर म्हणाले जुनं आहे, चुना साठलाय, भरून निघालेलं. रक्ताची टेस्टही पॉझिटिव्ह आली. त्या टेस्टमध्ये रक्ताला टीबीच्या जंतूची दोन प्रोटीनं दाखवतात, बीसीजीच्या लशीत नसलेली, आणि एक दिवस ठेवून बघतात की रक्तातल्या टी सेल इंटरफेरॉन गामा सोडतात का. ओळखलं तर सोडतात. मी विचारलं, म्हणजे जंतू अजून जिवंत आहेत का? डॉक्टर म्हणाले ते कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. कदाचित थोडे आहेत, झोपलेले. कदाचित केव्हाच मेले आणि नुसती पेशींची आठवण उरली आहे. हातावरचा टणकपणा दोन्हीत तसाच येतो.

हे मला विलक्षण वाटलं. त्या हातावर घडलं काय तर चिमूटभर औषध कातडीत गेलं, त्यात जिवंत काही नाही, जंतूची नुसती प्रोटीनं. तिथल्या पेशींनी ते उचललं, दाखवलं, आणि रक्तातून फिरणाऱ्या कुठल्यातरी जुन्या टी सेलने ते बघितलं. तिने हाक दिली, मॅक्रोफाज गोळा झाले, आणखी टी सेल आल्या, इतक्या आल्या की कातडी टणक झाली. याला दोन-तीन दिवस लागतात कारण पेशींना यावं लागतं. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवर दाखवलं होतं की कातडीवरची अशा जातीची प्रतिक्रिया एका जनावरातून दुसऱ्यात न्यायची तर रक्तातलं पाणी देऊन जमत नाही, पेशीच द्याव्या लागतात. सिस्टर पेनाने जे मोजत होत्या ती गर्दी होती. १७ मिलिमीटर रुंदीची, सात वर्षांच्या मुलीला झालेल्या ओळखीतून जमलेली गर्दी.

त्याच सोमवारी कोजागिरी होती. दुपारी तीनच्या पुढे फोनवर बातमी आली की मेडिसिनचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, रेग्युलेटरी टी सेलसाठी. मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकून घरी होते, दूध आटवायला ठेवलं होतं, आणि ते नाव वाचून ओट्याशी उभी राहिले. कारण माझ्या वहीत एक ओळ आहे, सप्रेसर टी सेल, आणि तिच्यावर मी पेन्सिलीने काट मारलेली. आमचे सर फळ्यावर लिहून म्हणाले होते, सिलॅबसमध्ये आहे म्हणून लिहा, पण आता हे कुणी मानत नाही. १९७० पासून लोक म्हणत होते की काही टी सेल बाकीच्यांना आवरतात, मग १९८० च्या दशकात त्या कल्पनेचे पुरावे कोसळले आणि तो शब्द उच्चारणंही लाजेचं झालं. साकागुचींनी ते सोडलं नाही. उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी, टी सेल जिथे तयार होतात ती, जन्मानंतर तीन दिवसांनी काढली तर त्याची प्रतिकारशक्ती लंगडी व्हायच्या ऐवजी स्वतःच्याच अवयवांवर उठते, हे का, हा त्यांचा प्रश्न. आणि निरोगी उंदराच्या टी सेल दिल्या की ते थांबतं. म्हणजे त्यांच्यात कुणीतरी आवरणारं आहे. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशींची खूण सांगितली, अंगावर सीडी २५ नावाचं प्रोटीन असलेल्या. मी एक वर्ष आधी पास होऊन बाहेर पडले होते.

ब्रंकाव आणि रॅम्सडेलची गोष्ट तर फारच आवडली मला. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काही नर उंदरं खपल्या पडलेल्या कातडीची जन्मली, काही आठवड्यांत मरायची. स्कर्फी म्हणायचे त्यांना. पुढे कळलं की त्यांच्या टी सेल त्यांच्याच अंगावर उठलेल्या असतात. या दोघांनी १९९० च्या दशकात एक्स क्रोमोसोमवरचा तो बिघाड हुडकायला घेतला, शोधत शोधत २० जीन्स उरले, एकेक तपासत गेले, आणि शेवटचा, विसावा, तो निघाला. फॉक्सपी३. २००१ मध्ये छापून आलं. त्याच जीनमध्ये बिघाड असलेली माणसाची मुलंही असतात, तान्हेपणीच आजारी पडणारी. तो एक जीन नसला की आवरणाऱ्या पेशी तयार होत नाहीत आणि घर पेटतं.

त्या आवरतात कशा हे वाचताना मला आजीच डोळ्यापुढे आली. वाढणाऱ्या टी सेलना आयएल-२ लागतो, तो खाऊनच त्या वाढतात. रेग्युलेटरी टी सेलच्या अंगावर तो पकडायचे हात बाकीच्यांपेक्षा जास्त, सीडी २५ म्हणजे तेच. त्या मध्ये येऊन आयएल-२ पिऊन टाकतात, भांडणाऱ्यांना उरतच नाही. दुसरं म्हणजे डेंड्रायटिक पेशीच्या अंगावर टी सेलला ‘हो, कर सुरू’ सांगणारी जी प्रोटीनं असतात ती त्या चक्क ओरबाडून आपल्या पोटात घेतात. ओळख पटते पण होकार मिळत नाही. आमच्या कुरुंदवाडच्या घरात चुलतआजोबा आणि त्यांचे भाऊ वाटणीवरून ओटीवर बोलायला बसले की आवाज चढत जायचे, आणि आजी कधी एक शब्द बोलायची नाही. आत जाऊन चुलीवरचं चहाचं आधण उतरवून ठेवायची. दिवाही आत न्यायची एखाद्या वेळी. थोड्या वेळाने एकेक जण उठायचा, कुणाला गोठ्यात जायचं असायचं, कुणाला नदीवर. आई म्हणते आम्हाला लहानपणी वाटायचं भांडणं आपोआप संपतात.

आमवाताच्या पेशंटमध्ये या आवरणाऱ्या पेशी असतात, पण त्यांचं चालत नाही. टीएनएफ रोखल्यावर त्यांचा हात पुन्हा चालायला लागतो असं लंडनमधल्याच काही संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलंय. मी ते वाचून जरा शांत झाले. म्हणजे इंजेक्शनने नुसतं मोडणारच असं नाही.

रात्री गच्चीत दूध घेऊन बसलो तेव्हा दादाचा ठाण्याहून फोन आला. तो म्हणाला कशाला विषाची परीक्षा, या वयात टीबी उठला तर काय, दुखतंय तर दुखूदे थोडं, गोळ्या वाढवून बघा. मी म्हटलं तू सकाळी सहा वाजता इथे ये आणि तिचं पातेलं बघ. तो चिडला, मीही चिडले. तो चुकीचं बोलत नव्हता, तेच मला सहन होत नव्हतं. कमी टीएनएफ वाईट आणि जास्तही वाईट, हे तर ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत डोळ्यांनी दाखवलंय. बडोद्याला वाढलेल्या, तिथेच डॉक्टर झालेल्या बाई, मग परदेशात. त्या माशांना टीबीच्या भावकीतला जंतू दिला. टीएनएफ कमी पडला तर जंतू आत वाढून मॅक्रोफाज फुटतो, जास्त झाला तर मॅक्रोफाज त्या अतिरेकानेच मरतो, आणि दोन्ही वेळा जंतू बाहेर. शिवाय ज्या गाठीला मी भिंत म्हणत होते तिच्यात सुरुवातीला नवे नवे मॅक्रोफाज येऊन जंतूलाच नवी घरं मिळतात हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे भिंत तरी कुणाची म्हणायची. मी फोन आईकडे दिला. ती इतका वेळ चंद्राकडे बघत असल्यासारखी बसली होती, पण सगळं ऐकत होती. म्हणाली, "अरे, अण्णांचं मी बघेन. तुम्ही माझ्या हातांचं बघा."

मग दोघंही गप्प झालो.

डॉक्टरांनी आयसोनियाझिड सुरू केलं, रोज एक, सहा महिने, सोबत बी-६. महिनाभर ती पोटात गेल्यावरच इंजेक्शन. मेथोट्रेक्सेट आणि ही, दोन्हींचा भार लिव्हरवर, म्हणून दर महिन्याला रक्त. मी गोळ्यांचं पाकीट घेऊन घरी आले आणि आईला नाव वाचून दाखवलं तर तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ही आयएनएच का? हे तर अण्णांचं औषध. सॅनेटोरियममधून येताना कागदाच्या पुड्यांत आणायचे, मी मोजून ठेवायचे डब्यात. ६७ वर्षांपूर्वीचं अक्षर न् अक्षर तिला आठवत होतं. तीच गोळी. ती पहिली गोळी तिने देवासमोर बसून घेतली, का ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिलं इंजेक्शन. फ्रिजमध्ये विरजणाच्या पातेल्याशेजारी त्याचा खोका असतो, अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायचं, पोटावर टोचायचं. पहिले पंधरा दिवस मी तिचा ताप रोज तीनदा बघितला, रात्री तिच्या खोलीच्या दारात उभं राहून खोकला येतोय का ऐकत राहिले. एकदा ठसका लागला तर मी धावत गेले, ती म्हणाली अगं, पाणी पिताना लागला. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी स्टुलावर पातेलं नव्हतं. ती गॅलरीत तुळशीची मंजिरी खुडत होती. बोटं वाकलेली आहेत ती तशीच राहणार, जे कुरतडलं गेलं ते परत येत नाही, पण मुठी उघडत होत्या.

परवा संक्रांतीला तिने एक्स-रे मागितला. तो नवीनच होता, ऑक्टोबरातला, मोठ्या खाकी पाकिटात, कपाटावर ठेवलेला. गॅलरीत ऊन आलं होतं. तिने फिल्म दोन्ही हातांनी उन्हात धरली, काळ्यावर तिच्याच बरगड्या. "कुठंय?" मी उजव्या बाजूला बोट ठेवून दाखवलं. तिने डोळे बारीक केले, मग तिचं ते कललेलं बोट माझ्या बोटाशेजारी आणून टेकवलं, बराच वेळ ठेवलं. "एवढंसंच आहे की गं," म्हणाली. फिल्म सरकवून पाकिटात घातली, पाकीट मांडीवर घेतलं आणि पेन मागितलं. मी दिलं. टोपण तिला काढता आलं नाही, ते मी काढून दिलं. मग उजव्या कोपऱ्यात, अक्षर थोडं हललेलं, वेलांट्या पहिल्यासारख्या गोल नाहीत, पण एकेक अक्षर सुटं सुटं करत तिने लिहिलं, ‘जपून ठेवणे’.